कात्री-दाढ हवाई दल

९ जानेवारी

श्री. व्याहीबुवांना टेलरमास्तरांचा सा. न. वि. वि.

माझं अक्षर पाहून दचकू नका. वाईट बातमी नाही आणि चांगलीही नाही. मुलगी आमच्याकडे येऊन राहिली त्याला बरेच महिने झाले. जावईबापूंचं नाव काढलं की आमचं आम्ही बघतोय, एवढंच म्हणते. काय बघतेय ते मला तरी दिसत नाही. तुमचे चिरंजीवही तुम्हाला हेच ऐकवत असणार.

पत्राचं कारण वेगळंच आहे. तिचं सामान दुकानात काज-बटणाच्या मशीनमागे बांधून पडलं होतं. परवा ते उघडलं, तर एका खोक्यात पांढऱ्या प्लास्टिकच्या दोन मोठ्या त्रिकोणी फळ्या निघाल्या. आमच्या हिने एका नजरेत निकाल दिला की बाह्यांना इस्त्री करायची ही नवीन तऱ्हा आहे. मीही इतका हुशार, की एका वर्दीची बाही त्यावर चढवली, इस्त्री तापत ठेवली आणि माल हलका आहे म्हणून बनवणाऱ्याला नावं ठेवत बसलो. तेवढ्यात मुलगी आली आणि किंचाळली. ते म्हणे विमानाचे पंख आहेत! लग्नाच्या पहिल्या वर्षी दोघांनी मिळून जोडायचं म्हणून विमानाच्या प्रतिकृतीचं खोकं आणलं होतं, जोडायचं राहून गेलं. धड तिकडे राहिलं असेल, असं म्हणून ती आत गेली ती जेवायलाच बाहेर आली.

उभा जन्म लष्कराच्या आणि पोलिसांच्या वर्द्या शिवण्यात गेला, आणि मला पंख ओळखता आला नाही. आता हे पंख तुमच्याकडे पाठवून देऊ का, ते कळवा. हिचा नमस्कार. तिची एक दाढ हलते आहे, त्यामुळे नमस्कार जरा चिडूनच आहे.

आपल्यातला लोभ पोरांच्या हवामानावर सोडू नये, ही विनंती.

आपला,
टेलरमास्तर


१८ जानेवारी

श्री. टेलरमास्तर व्याही यांना कवळीवाल्याचा सा. न. वि. वि.

पंख मुळीच पाठवू नका. आधी माझा पराक्रम ऐका.

तुमचं पत्र वाचून मी चिरंजीवांचं कपाट धुंडाळलं. हल्ली ते शनिवारी येतात, अर्धा कप चहा पितात आणि जातात, तेव्हा कपाट उघडायला मला मोकळं रान आहे. धड सापडलं. लांबलचक नळी आणि पुढे चोच. खोक्यावरचं वाचलं तेव्हा कळलं, की हे आवाजापेक्षा वेगाने जाणारं प्रवासी विमान. उतरताना पायलटला खालची धावपट्टी दिसावी म्हणून चोच खाली वाकते, अगदी आ करा म्हटल्यावर जबडा वाकतो तशी! दातांचे डॉक्टर तोंडांची मापं पाठवतात आणि मी कवळ्या घडवतो, यापलीकडे मला जगातलं काही येत नाही. पण जबडा म्हटला की मी मागे हटत नाही. विमान आपल्याच धंद्यातलं निघालं म्हणून मला केवढा आनंद झाला.

आनंदाच्या भरात खिडक्यांची पारदर्शक पट्टी पुसायला घेतली. कवळीचं प्लास्टिक कालवायचं जे पातळ औषध असतं, त्यात फडकं बुडवलं. पट्टी विरघळली. खिडक्या गेल्या म्हणजे प्रवासी गेले, आणि प्रवासी गेले म्हणजे विमान उरतं लष्करी. त्यामुळे हे विमान लष्करात भरती झालं ते शौर्यामुळे नव्हे, माझ्या फडक्यामुळे.

पण मास्तर, करायला गेलो एक आणि झालं बरंच! एप्रिलात इथल्या वाचनालयाच्या सभागृहात प्रतिकृतींचं प्रदर्शन भरतं. त्यात 'असं झालं असतं तर' नावाचा एक गट असतो. जे विमान कधी लढाईत गेलंच नाही ते गेलं असतं तर कसं दिसलं असतं, असली थेरं तिथे रीतसर मांडतात. धड मी करतो, पंख तुम्ही करा. प्रदर्शनाच्या दिवशी तुम्ही सूनबाईला आणा, मी चिरंजीवांना आणतो. दोघांना एका टेबलासमोर उभं करायचं आणि आपण चहाला सटकायचं. पुढचं विमान बघून घेईल. योजना हास्यास्पद आहे हे मला मान्य आहे. पण आपल्या दोघांकडे दुसरी कुठली आहे?

उत्तराची वाट पाहतो. घरात मी एकटा, तेव्हा वाट पाहायला जागा भरपूर आहे.

आपला व्याही,
कवळीवाला


२९ जानेवारी

श्री. व्याहीबुवांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र हिला वाचून दाखवलं. रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी, एवढंच ती म्हणाली. पुढे म्हणाली, की इथे तर दोन न्हावी आहेत आणि कुडाचा पत्ताच नाही. मी होकार कळवतो आहे.

पण एक अडचण आहे. विमान लष्करी, ठीक. कुठल्या लष्कराचं? ज्याची वर्दी ठाऊक नाही त्याला मी बटणही लावत नाही. खऱ्या देशाचं म्हणावं, तर तिथला जाणकार येऊन खोड काढणार. म्हणून आपण आपलं दल काढू. चिन्हही बेतलं आहे: गोल, त्यात उघडी कात्री, आणि कात्रीच्या दोन पात्यांमध्ये एक दाढ. हिने पाहिलं आणि विचारलं, की हे हवाई दल शत्रूचे दात उपटतं का. मी म्हटलं, शत्रूच्या मनात भीती बसली म्हणजे झालं.

पंखांखाली अस्त्रं हवीत. ती मी मशीनच्या सुया ज्या नळ्यांतून येतात त्या कापून केली. पंखाला लावून पाहिली, तर नाकापेक्षा मोती जड. एवढी अस्त्रं घेऊन हे विमान उडणार नाही, फार तर रांगेल. निम्मी काढली. शेपटीत उतरताना वेग मारायचं पॅराशूट असतं म्हणे, ते मात्र मी जातीने शिवतो आहे. कोटाच्या अस्तराचं रेशीम, दुहेरी टीप, दोऱ्या काजाच्या धाग्याच्या. मुलगी जाता येता बघते. काल तिने न सांगता सुईत धागा ओवून दिला आणि निघून गेली. मी टाका चालूच ठेवला. बोललो असतो तर घोटाळा झाला असता.

आणि पोटात बाँब ठेवायचं कोठारही हवं. भोक तुम्ही पाडा, त्याच्या मापाची दोन दारं मी कापतो. कागदावर छाप काढून पाठवा.

कळावे. आपला हात कापू नये आणि आमची आठवण ठेवावी.

टेलरमास्तर


१६ फेब्रुवारी

श्री. टेलरमास्तर व्याही यांना सा. न. वि. वि.

कात्री आणि दाढ! मास्तर, चिन्ह पाहून मी एकटाच मोठ्याने हसलो, आणि मग आपण एकटेच मोठ्याने हसतो आहोत हे लक्षात आल्यावर खिडकी लावून घेतली.

इकडची खबर अशी. धडाचे दोन भाग जोडले, सांधा दिसत होता. बाजारात सांधे बुजवायचं खास लुकण मिळतं, पण माझ्यासारख्या उंटावरच्या शहाण्याला ते कशाला लागतंय? मी कवळीचं प्लास्टिक भरलं, हिरडीच्या रंगाचं, तेच हाताशी होतं. वर पांढरा रंग दिला, खालून गुलाबी डोकावलं. दुसरा हात दिला, आणखी डोकावलं. आता विमानाला चोचीपासून शेपटीपर्यंत हिरडी आली आहे. मी त्याला पहाटे दिसू नये म्हणून दिलेला रंग असं म्हणायचं ठरवलं आहे. हसतील त्यांचे दात दिसतील, आणि दात दिसले तर माझाच धंदा वाढेल.

आता महत्त्वाचं. शनिवारी चिरंजीव आले. बाकावर धड पाहिलं आणि चहा तसाच ठेवला. ही गुलाबी रेघ कसली, असं विचारलं. मी पहाट सांगितली. मग त्याने चोच हातात घेतली. मी ती कवळीच्या बिजागरीवर बसवली होती आणि ती थोडी तिरकी, चावल्यासारखी मिटत होती. त्याने पातळ चिमट्याने ती सरळ केली आणि पंख सासऱ्यांकडे आहेत का म्हणून विचारलं. 'सासऱ्यांकडे' म्हणाला, मास्तर! मी इतका हुरळलो की त्याच्या गार चहात पुन्हा साखर घातली.

कोठाराचं भोक पाडलं. छाप सोबत आहे. दारं लवकर पाठवा.

विहीणबाईंच्या दाढेला उगाच कुणाचा हात लावू देऊ नका. नमस्कार सांगा.

आपल्या लोभाचा भुकेला,
कवळीवाला


२ मार्च

श्री. व्याहीबुवांना सा. न. वि. वि.

दारं पाठवली आहेत. नेहमीच्या सवयीने चारही बाजूंनी थोडं जास्त सोडून कापली आहेत. गिऱ्हाईक अंगाने भरतं, वर्दी पुढे सैल करता आली पाहिजे. विमान अंगाने भरत नाही हे पार्सल दिल्यावर लक्षात आलं.

आज मन जरा जड आहे, ते लिहून टाकतो. परवा पॅराशूटला शेवटचा टाका घालत होतो आणि ही समोर येऊन बसली. म्हणाली, की मुलीचं काही जुळेल असं तिला आता वाटत नाही, आईला कळतं. आणि उद्या ही सोयरीक सुटली तर तुम्ही त्यांना कुठल्या नात्याने पत्रं लिहिणार आहात? लोक काय म्हणतील ते सोडा, पाकिटावर काय लिहाल? तोंडावर बरं बोलायचं आणि मागाहून तुटायचं, त्यापेक्षा आत्ताच आवरतं घ्या.

मी दोरा तोडला आणि पॅराशूट घडी करून ठेवलं. खरं सांगायचं तर भीती वाटली. दुकानात माणसं येतात, मापं देतात, कपडे घेऊन जातात. मला शिव्या घालून विचारणारा, माझ्यावर हसणारा असा कुणी माझ्याकडे नव्हता. या वयात तुम्ही मिळालात, तेही पोरीच्या लग्नात फुकट. पोरांचं घर मोडलं तर मुलीसाठी जीव तुटेलच. पण तुमची पत्रं बंद होतील या विचाराने मला झोप लागली नाही, आणि त्याची लाजही वाटली. बाप म्हणून आधी कशाचं दुःख व्हावं हेही मला कळत नाही का?

मागेपुढे काही झालं तरी रागावू नये.

आपला,
टेलरमास्तर


१५ मार्च

श्री. टेलरमास्तर, माझे व्याही, यांना सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं, दारं मिळाली, आणि चार दिवसांनी दुसरी दारंही मिळाली. तिथेच घोळ झाला.

झालं असं. कवळी करताना आम्ही आधी कमी कोरतो. जास्त कोरलं की गेलं, पुन्हा भरता येत नाही. म्हणून मी भोक लहानच पाडलं होतं. तुमची पहिली दारं आली ती भोकापेक्षा एवढी मोठी, की विमानापेक्षा गॅरेजला शोभली असती. मी म्हटलं, मास्तरांना कशाला तोशीस, आपणच भोक वाढवू. वाढवलं. छान वाढवलं. आणि तिकडे तुम्ही म्हटलंत, व्याह्यांना कशाला तोशीस, आपण छापाबरहुकूम नवी लहान दारं कापू. ती मी बसवायला गेलो आणि दोन्ही दारं पोटात पडली. अजून आत खुळखुळताहेत. पहिली दारं? ती मी भोकाला बसवण्यासाठी घासून घासून आधीच वाया घालवली होती. दोघांनीही एकाच वेळी समजूतदारपणा करायचा म्हटलं की असं होतं. आपल्या पोरांना हा रोग नाही, हे त्यांच्या बाबतीत बरं की वाईट ते मला ठरवता येत नाही.

विहीणबाईंच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडेही नाही. मला वाटलं होतं, मी एकटाच असा स्वार्थी आहे. आमची ही गेल्यापासून माझ्याशी बोलतं कोण? डॉक्टरांकडून मापं येतात, तीही उघड्या तोंडांची, पण एकही बोलत नाही. तुमचं पत्र आलं की मी ते आधी उभ्याने वाचतो आणि मग बसून. तेव्हा मलाही भीती वाटते. घ्या, आता दोघं भित्रे झालो. कसलं लष्कर आणि कसलं काय!

दारांचं काय करू ते कळवा. विमानाला पोट उघडं ठेवून प्रदर्शनात नेता येणार नाही.

आपला, अजून तरी व्याही,
कवळीवाला


२४ मार्च

श्री. व्याहीबुवांना सा. न. वि. वि.

का नेता येणार नाही? उघडंच न्यायचं.

आमच्याकडे एखाद्या कोटाची बटणं छातीवर मिटेनात, की आम्ही तो उघडा घालायचाच कोट म्हणून देतो. दारं पोटातून हलवून बाहेर काढा आणि कडेला लोंबती चिकटवा, आत्ताच बाँब टाकला अशी. मिटलेली दारं बसतात की नाही हे जगाला दिसतं. उघड्या दारांचं माप कोण घेतो?

मुलीला प्रदर्शनाचं विचारलं. मी भांडणाच्या तयारीने गेलो होतो, चार कारणं पाठ केली होती. ती लगेच हो म्हणाली. वर म्हणाली, की विमान पूर्ण झालंच पाहिजे हं बाबा, मध्येच सोडायचं नाही. मला भलतीच आशा वाटायला लागली आहे. हिला सांगितलं तर ती गाल धरून आत गेली. दाढ आता फारच ठणकते आहे.

आम्ही दोघं येतो. पंख मांडीवर घेऊन येऊ.

भेटीअंती बोलूच.

टेलरमास्तर


१३ एप्रिल

वरची जागा मुद्दाम कोरी ठेवली आहे. का ते कळेलच.

विहीणबाईंचा गाल सुजला आणि तुम्हाला ऐन वेळी राहावं लागलं, ते योग्यच केलंत. पण तुम्ही हवे होतात, मास्तर. सूनबाई एकटी आली. पंख मांडीवर, त्यांना तुमचा जुना टॉवेल गुंडाळलेला. चिरंजीव सभागृहाच्या दारात उभे होते. दोघं एकमेकांना बघून हसली. ओळखीची माणसं हसतात तशी, मोकळी. मी लगेच चहाचं दुकान कुठे आहे ते बघून ठेवलं.

पंख लावायची वेळ आली. तेव्हा त्याने धड धरलं आणि तिने पंख सरकवले. खटकन बसले. मास्तर, आपण दोघांनी इतकं चुकूनही ते बसले! मग आमच्या गटाचे परीक्षक आले. त्यांनी हिरडी पाहिली, उघडी दारं पाहिली, आणि हे दल कुठल्या देशाचं म्हणून विचारलं. मी काही बोलायच्या आत सूनबाईने ठणकावून सांगितलं, की कात्री-दाढ हवाई दल, याच्या वाटेला कुणी जात नाही. परीक्षक हसले नाहीत, पण चिन्हाशी बराच वेळ घुटमळले. पॅराशूटची शिलाई त्यांनी भिंग लावून पाहिली आणि अशी शिलाई आजवर पाहिली नाही असं शेऱ्यात लिहून दिलं. आपल्याला तिसरा नंबर मिळाला. गटात विमानं तीनच होती.

ठरल्याप्रमाणे मी चहाला सटकायला निघालो. पोरांनीच मला बसवून घेतलं.

मास्तर, त्यांनी घटस्फोटाच्या कागदावर सह्या गेल्या महिन्यातच केल्या आहेत. सगळं संपलं आहे. भांडण नाही, आरडाओरडा नाही, राग तर मुळीच नाही. आमचं जुळलं नाही, आम्ही फार दिवस बघितलं, असं चिरंजीव म्हणाले. मी विचारलं, मग सांगितलं का नाही? सूनबाई खाली बघत म्हणाली, की सांगितलं असतं तर तुम्ही दोघांनी विमान सोडून दिलं असतं, आणि पत्रंही. म्हणून दोघांनी ठरवलं होतं, विमान पूर्ण होईपर्यंत काही बोलायचं नाही. तिने तुम्हाला सुईत धागा ओवून दिला आणि त्याने माझी चोच सरळ केली, ते आपल्यासाठी होतं. आपण त्यांना जवळ आणायला निघालो होतो, आणि ती दोघं आपल्याला सांभाळत होती. मी भर सभागृहात रडलो, चष्मा पुसल्याचं नाटकही नीट जमलं नाही.

मग ती बसने गेली आणि तो चालत. विमान माझ्याकडे आहे. सगळं सामान त्यांनी वाटून घेतलं आहे म्हणे, हे एकच वाटायचं राहिलं. हे तुमच्याकडे पाठवायचं की इथे ठेवायचं, मला कळत नाही. आणि पत्राच्या वर काय लिहायचं, तेही कळत नाही. व्याही म्हणायचा हक्क कुणी ठेवला आहे का? तुम्ही सांगाल तसं लिहीन. लिहू नका म्हणालात, तर...

पण तसं म्हणू नका.

आपला (कोण, ते कळवावे),
कवळीवाला


२० एप्रिल

व्याहीबुवांना सप्रेम नमस्कार वि. वि.

पत्र ह्यांच्याऐवजी मी लिहिते आहे. ह्यांनी तुमच्या पत्राला उत्तर लिहायला सात वेळा कागद घेतला आणि सातही वेळा वरच्या ओळीशी अडकले. शेवटी मी कागद ओढून घेतला.

मुलीने आल्या आल्या सगळं सांगितलं. मी रडले, ते तुम्हाला सांगायला नको. पण ती गेले कित्येक महिने झोपत नव्हती, ती त्या दिवशी जेवून शांत झोपली. तेव्हा आता त्यावर बोलायचं नाही.

माझी दाढ काढली. बाजूच्या दोन आधीच गेल्या होत्या. डॉक्टर म्हणतात, आता कवळी लागेल, ते ओळखीच्या माणसाकडून करवून देतो म्हणाले. मी त्यांना सांगितलं, माझ्या तोंडात परक्याने केलेली वस्तू जाणार नाही, आमचा घरचा माणूस आहे. ते माप घेऊन पाठवतो म्हणाले. मी म्हटलं, मापही तोच घेईल. तेव्हा तुमचं सामान घेऊन या. येताना विमान आणा, ते दुकानात काउंटरवर ठेवायचं ह्यांनी ठरवलं आहे. पुढल्या खेपेला ते तुमच्याकडे न्या, मी ते अडवून धरणार नाही. आणि एक सांगून ठेवते, कवळी हिरडीच्या रंगाचीच करा. फक्त त्याला पहाटेचा रंग म्हणू नका.

पत्राच्या वर काय लिहायचं म्हणून दोघं एवढे म्हातारे पुरुष अडून बसलात! मीच मागे आवरतं घ्या म्हणाले होते, ते शब्द परत घेते. कागदावर सह्या पोरांनी केल्या, व्याहीबुवा. आमच्या कुणी मागितल्या नाहीत, आणि मागितल्या असत्या तरी मी केली नसती.

या. जेवायला मऊच काहीतरी असेल, माझ्यामुळे.

तुमची विहीण